कोंडशेतकर

जुईनगर
६ जुलै २०२५

अंकुशदादा, जयभीम.

फोनच करणार होते. पण रेंजसाठी तुला शाळेच्या टेकाडावर चढावं लागतं, आणि तिथे उभं राहून बोललेलं अख्खी वाडी ऐकते. शिवाय मला जे हवंय ते फोनमधून येत नाही, पाकिटातून येतं. आणि कोंडशेतचं पोस्ट म्हणजे तूच.

काम छोटं आहे. विहाराच्या मागच्या उतारावर झरा आहे, बाजीरावकाका मला लहानपणी न्यायचे तो. तिथल्या काळ्या दगडांवर शेवाळ असतं. त्यातलं थोडं कागदात गुंडाळून पाठव. तेरा वर्षांपूर्वी आम्ही ज्याच्यावर शोधनिबंध लिहिला होता, ते. विहारात जे पान फ्रेम करून लावलंय, त्यातलं.

कॉलेजात पुन्हा त्याची गरज लागली आहे. सप्टेंबरच्या आत मिळालं तर बरं होईल.

काकीचे गुडघे कसे आहेत? दर वर्षी यायचं म्हणते. कोपरखैरण्याचं कॉलेज आणि जुईनगरचं घर, यातच वर्ष संपतं. हे कारण नाही, मला माहीत आहे.

तुझी,
संघा


कोंडशेत
१६ जुलै

चि. संघप्रिया, जयभीम.

सव्वीस वर्षं लोकांची पत्रं वाटतोय. मला स्वतःला आलेली मोजायला एक हात पुरे, त्यातही बँकेची जास्त. तुझं पत्र थैलीतून काढलं, त्यावर शिक्का मारला, आणि मग स्वतःलाच दिलं.

शेवाळ पाठवतोय. झऱ्याखालच्या डबक्यात हातहात लांब वाढलंय. वाळेल म्हणून पाण्यासकट बाटलीत भरलं आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. पोस्टात पातळ पदार्थ चालत नाहीत, हे मी रोज लोकांना सांगतो. मागच्या महिन्यात एकीचं लोणचं परत केलं. आता तिला समजलं तर मला गावात फिरणं कठीण.

आईचे गुडघे आहेत तसेच. विचारत होती, संघी शेवाळ घेऊन काय करते. म्हटलं, शिकवते. म्हणाली, "त्यासाठी पोस्ट कशाला? आमच्या न्हानीत ये म्हनावं. दोनदा पडले मी."

अजून लागलं तर कळव. डबकं भरलेलं आहे.

तुझा,
अंकुशदादा


जुईनगर
२४ जुलै

दादा,

बाटली पोचली. झाकण वाटेतच सुटलं होतं. पोस्टमनने ती दोन बोटांत धरून आणली आणि विचारलं, "मॅडम, यात काय मेलंय?"

चूक माझी. मराठीत आपण सगळ्याला शेवाळच म्हणतो. पाण्यातलं लांब, बुळबुळीत, ते तू पाठवलंस. मला हवी ती वेगळी वनस्पती. पुस्तकात तिला हरिता म्हणतात. हा शब्द मी आणि माझे विद्यार्थी सोडून कोणी वापरत नाही, म्हणून तुला शेवाळ लिहिलं. हरितेला बारीक देठ असतो, पानं असतात, मूळ नसतं. दगडाला धरून राहते. वाळली की जळक्या लोकरीसारखी काळी दिसते. पाण्याचा थेंब टाकला की मिनिटाभरात हिरवी होते, कितीही वर्षांनी. देठाच्या टोकाला मोहरीहून लहान बोंडी असते.

सोबत माझ्याकडच्या जुन्या पाकिटातल्या काही काड्या पाठवते आहे. त्या जवळ ठेव आणि ताडून बघ.

आता कशाला हवी ते. या हरितेची नोंद जगात दोनच ठिकाणी आहे. एक इथे, आमच्या स्टेशनच्या पूर्वेला, एमआयडीसीच्या मागे. पारसिकच्या डोंगरात एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिच्या कापीव भिंतीवरून वर्षभर पाणी झिरपतं, तिथे. दुसरी नोंद आपल्या झऱ्याची.

खाणीतून रस्ता जाणार आहे. भिंत पाडावी लागेल. त्याआधी झाडाझुडपांची पाहणी करायला एक कंपनी नेमली आहे. तिथली सुचिता नावाची मुलगी मला भेटायला आली. चुणचुणीत आहे. म्हणाली, "मॅडम, एकच जागा असती तर भिंत वाचवायला लागली असती. दोन आहेत म्हणजे टेन्शन नाही. फक्त तुमची एक सही हवी. केळसकर सर आता नाहीत ना." केळसकर सर माझे मार्गदर्शक. सहा वर्षांपूर्वी गेले. या हरितेला नाव त्यांनी दिलं. कोंडशेतचा नमुना मात्र मी आणलेला, म्हणून सही माझी. ही वनस्पती कोंडशेतला आहे आणि मी ती स्वतः तिथे गोळा केली, असा मजकूर आहे. दहा सप्टेंबरपर्यंत द्यायची.

मी तिला म्हणाले, ताजा नमुना बघते आणि मग करते.

तो कागद टेबलावर आहे. त्यावर डिक्शनरी ठेवली आहे.

झऱ्यावर मिळाली तर बरं होईल, दादा.

संघा


कोंडशेत
८ ऑगस्ट

चि. संघप्रिया,

तुझ्या काड्या शर्टाच्या खिशात घालून तीन वेळा झऱ्यावर गेलो. एकदा टपाल वाटून येताना, दोनदा मुद्दाम. हिरवं बरंच आहे, पण एकाला बोंडी नाही, एक वाळून तपकिरी होतं, काळं नाही. तुझ्यासारखं काही दिसलं नाही. अजून वरचे दगड राहिलेत.

तू लिहिलंस ते करून पाहिलं. एक काडी बशीत ठेवली, बोटाने थेंब सोडला. हिरवी झाली. आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "परत वाळव. परत दाखव." चार वेळा दाखवली.

विहारातलं पानही नीट वाचून आलो. पूर्वी फक्त गावाचं नाव आणि तुझं नाव वाचलं होतं. तुमच्या शास्त्रातही आधी कूळ आणि मग जात लिहितात, हे माहीत नव्हतं. आपण जे सोडलं ते तुम्ही शेवाळाला लावून ठेवलंत. आणि नावाच्या शेवटी कोंडशेतेन्सिस लिहिलंय. शाळेतले नंदकिशोर गुरुजी म्हणतात, लॅटिन आहे. अर्थ त्यांनाही येत नाही. पोरं ते कवायतीच्या चालीत म्हणतात.

एक सांग. त्या दिवशी तू कुठल्या दगडावरनं घेतलं होतंस? आणि उतरलीस कुठल्या वाटेने, नदीकडच्या की विहारामागच्या? तेवढं कळलं तर शोधणं सोपं जाईल.

अंकुशदादा


जुईनगर
१७ ऑगस्ट

दादा,

कुळाचं तू बोललास ते बरोबर आहे. वर्गात मी तो शब्द दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि मुलांकडे पाठ करून थोडा वेळ तशीच उभी राहते. पण इथे कूळ लावायचं म्हणजे कोण कोणापासून झालं ते शोधायचं. वरखाली काही नाही. या हरितेचं कूळ ठरवायला सरांना दोन वर्षं लागली. बहुतेक हरितांच्या पानाला मध्ये एक शीर असते किंवा नसतेच. हिच्या पानाला दोन असतात, आणि दोन्ही टोकाच्या आधी थांबतात. आधी त्यांनी तिला एका कुळात घातलं, मग बोंडीचे दात मोजून दुसऱ्या. मी शेजारी बसून चित्रं काढायचे.

एन्सिस म्हणजे त्या ठिकाणचा. आपण कर लावतो तसं. कोंडशेतेन्सिस म्हणजे कोंडशेतकर. सर म्हणाले होते, खाणीचं नाव काय द्यायचं, खाण ही कोणाची नसते. तुझ्या गावाचं देऊ. मी नको म्हणाले नाही.

कुठल्या वाटेने उतरले ते आता आठवत नाही. खूप पाऊस होता, तेवढं आठवतं. वरचे दगड बघ. पाणी जिथे नुसतं झिरपतं, वाहत नाही, तिथे. उत्तरेकडे तोंड असलेला दगड असेल.

सुचिताचा परवा पुन्हा फोन आला. मी म्हणाले, गावाहून पाकीट यायचंय. ती म्हणाली, "आरामात मॅडम. तुमचा शब्द आहे, बाकी फॉर्मॅलिटीच." 

लवकर मिळाली तर बरं.

संघा


कोंडशेत
२९ ऑगस्ट

चि. संघप्रिया,

मिळाली. वरच्या अंगाला, दोन दगडांच्या सांदीत, उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडावर. थोडीच होती म्हणून सगळी काढली.

तू सांगितलं नव्हतंस, तरी पाकिटावर लिहिलंय, विहारातल्या पानावर जसं आहे तसं. ठिकाण: कोंडशेत, विहारामागचा झरा. तारीख: २८ ऑगस्ट २०२५. गोळा करणारा: अंकुश बाजीराव गमरे, शाखा डाकपाल.

या वेळी रजिस्टरने पाठवतोय. कोरडी आहे. नियमात बसते.

आता तुझ्या सहीचं काम होईल.

अंकुशदादा


जुईनगर
३ सप्टेंबर

दादा,

पाकीट आत्ता मिळालं. अजून उघडलं नाही, सूक्ष्मदर्शक कॉलेजात आहे. वरूनच हात लावून बघितला, आत चुरचुरतंय.

गेले दोन महिने नीट जेवण गेलं नव्हतं. आज गेलं. काकीला सांग, दिवाळीनंतर नक्की येते.

संघा


जुईनगर
७ सप्टेंबर

दादा,

मी तुला सात काड्या पाठवल्या होत्या. पाकिटातून सातच निघाल्या. त्यातल्या एकीची बोंडी सुईने फोडलेली आहे. ती मीच फोडली होती, २०१० मध्ये, दात मोजताना. सगळ्यांच्या बुडाशी खडीची भुकटी आहे. आपल्या झऱ्यावर खडी नाही.

मी पाकीट बंद केलं आणि बराच वेळ तसंच समोर ठेवलं. तुझ्यावर रागावता येतं का ते पाहिलं. आलं नाही. तू जे केलंस ते मी पंधरा वर्षांपूर्वी केलं आहे, तुझ्यापेक्षा सफाईने.

कोंडशेतला ही हरिता कधी नव्हती. निदान मी ती तिथे कधी पाहिली नाही.

खाणीतली भिंत खरी आहे. ती सरांनी आणि मी मिळून शोधली. सर म्हणाले होते, एकाच ठिकाणची वनस्पती असेल तर छापणारे दहा प्रश्न विचारतील, अजून एखादी जागा मिळते का बघू. तेवढ्यात बाजीरावकाका गेले. त्यांच्या जलदान विधीसाठी मी सरांकडे तीन दिवसांची रजा मागितली. सर म्हणाले, कोकणात जातेसच तर झरे बघून ये, दगड तोच आहे. मी बरं म्हणाले.

मी आले नाही. आईला सांगितलं, माझी परीक्षा आहे, तू पुढे हो. परीक्षा नव्हती. वर्गातल्या अभय नावाच्या मुलाबरोबर मी माथेरानला गेले. पावसाळ्यात तिथे कोणी नसतं. गाडीही बंद होती, पायी चढून गेलो. तुम्ही विहारात बसला होतात तेव्हा मी हॉटेलच्या व्हरांड्यात पावसाकडे बघत बसले होते. तिथे दगडादगडावर हरिता होत्या. एकही उचलली नाही. त्या मुलाशी माझं पुढे काही झालं नाही. झालं असतं तर हे लिहिणं सोपं झालं असतं असं नाही.

परत आल्यावर सरांनी विचारलं, "मिळाली?" मी हो म्हणाले. खाणीतल्या नमुन्याचं जे पाकीट होतं, त्यातली अर्धी हरिता काढून दुसऱ्या पाकिटात भरली. वर लिहिलं, कोंडशेत, २२ ऑगस्ट. विधीची तारीख. दुसरी कुठली सुचली नाही. 

सरांनी ते पाकीट उघडून पाहिलं आणि खूश झाले. दोन्ही अगदी सारख्या आहेत म्हणाले.

पुढे पीएचडी त्यावरच झाली, नोकरी पीएचडीवर लागली. आई दुसऱ्या वर्षी गेली, तिला परीक्षाच माहीत होती. सरही गेले. या खोट्यावर त्यांचं नाव आहे आणि त्यांना ते माहीत नव्हतं. मला वाटायचं, दोन ठिकाणी लिहिलं म्हणून कोणाचं काय बिघडलं. आता एक भिंत त्यामुळे पडणार आहे. हरिता फक्त तिथेच आहे, दादा. आणखी कुठे नाही. मी म्हणते म्हणून ती दोन ठिकाणी आहे, आणि मी म्हणते म्हणून ती संपेल.

तुला शोधायला लावलं, कारण ती खरंच सापडली असती तर माझं खोटं खरं झालं असतं. मग काही सांगावं लागलं नसतं.

सही केलेली नाही. आज तीन पत्रं लिहिली आहेत. एक सुचिताच्या कंपनीला, एक ज्यांनी निबंध छापला त्यांना, एक प्राचार्यांना. हे चौथं. पहिली तीन लिहायला एक तास लागला.

संघा


कोंडशेत
१४ सप्टेंबर

संघप्रिया,

पत्र दोन दिवस खिशात ठेवलं. दुसऱ्यांची पत्रं मी कधी दोन दिवस ठेवली नाहीत.

काड्यांचं आधी सांगतो. तुझी पत्रं काढून परत वाचली. मिळाली तर बरं, असं तू प्रत्येकात लिहिलंस. नसली तर तसं कळव, हे एकातही नाही. शोधायला सांगणारा माणूस असं लिहीत नाही. मला वाटलं, पोरगी अडचणीत आहे, तिला काय हवंय ते दिसतंय. दिलं. मोजशील हे डोक्यात आलं नाही.

आता दुसरं. ते मला तोंडाने सांगता आलं नसतं.

ते छापलेलं पान तू २०१२ साली पाठवलंस. फ्रेम मीच करून आणली. भिंतीला लावताना तारीख वाचली. मी दिवसभर तारखेचे शिक्के मारतो, तारीख माझ्या नजरेतून सुटत नाही. २२ ऑगस्ट २०१०. त्या दिवशी आमच्या अण्णांचा, तुझ्या काकांचा, जलदान विधी होता. माणसं विहाराच्या पायऱ्यांपर्यंत बसली होती.

त्या तारखेवरून मी काय समजलो ते सांगतो. मी समजलो, तू आलीस. झऱ्यावर उतरलीस, आपलं काम केलंस आणि वर न येता निघून गेलीस. झरा विहारापासून दोनशे पावलांवर आहे. भंतेजी बोलतात ते तिथे ऐकू येतं. ते ऐकत तू दगड खरवडलास, असं मी तेरा वर्षं समजत होतो.

म्हणून तुला वाट विचारली. विहारामागची म्हणालीस तर मग आणखी विचारणार होतो. तू लिहिलंस, पाऊस होता. त्या दिवशी इथे ऊन पडलं होतं. मांडवसुद्धा घातला नव्हता. तेव्हा जरा चमकलो. मग म्हटलं, पंधरा वर्षांत माणूस पाऊस विसरतो.

तू आलीच नव्हतीस हे आता कळलं. दोन्हींतलं कोणतं बरं, ते मला ठरवता येत नाही. थोडं हलकं वाटलं हे खरं आहे. त्याची लाजही वाटते.

आईला मी काय सांगितलं होतं ते ऐक. फ्रेम लावली त्या दिवशी तिने विचारलं, कसली तारीख. मी म्हटलं, संघा त्या दिवशी आली होती, झऱ्यापर्यंत. गाडी चुकेल म्हणून तशीच गेली. परीक्षा होती ना. मला तिला दुखवायचं नव्हतं, आणि तुला झाकायचं होतं. आई त्यावर इतकी खूश झाली की मग मला मागे घेता येईना. अजून सांगते लोकांना. पोर परीक्षेतनं धावत आली, मोठ्या बापासाठी. लग्नकार्यात सांगते. नवीन सून आली की तिला झरा दाखवायला नेते.

एक खोटं तुझं, एक माझं. माझ्याला कोणी निबंध म्हणणार नाही, एवढंच.

आईला काय सांगायचं?

अंकुश


जुईनगर
१२ ऑक्टोबर

दादा,

उत्तराला उशीर झाला. रोज काहीतरी ठरत होतं आणि बदलत होतं.

झऱ्यावर भंतेजींचा आवाज येतो, हे तुझ्या पत्रातून कळलं. मी तिथे नव्हते, आणि तरी ते वाक्य वाचल्यापासून मी तिथे आहे.

इथलं सांगते. कंपनीने माझं पत्र स्वीकारलं आणि पंधरा दिवसांनी उत्तर पाठवलं. संबंधित व्यक्तीने एक नोंद बनावट असल्याचं मान्य केलं आहे, त्यामुळे तिची दुसरी नोंदही ग्राह्य धरता येत नाही. दोन्ही वगळण्यात येत आहेत. मी ते तीनदा वाचलं. चूक नाही. मीही असंच लिहिलं असतं. आता कागदावर ही हरिता जगात कुठेच नाही, आणि जी कुठेच नाही तिच्यासाठी भिंत ठेवायचं कारण नाही.

मी सुचिताला फोन केला. म्हणाली, "मॅडम, मी तुमचा निबंध वाचून या लाइनला आले." मी म्हणाले, ते विसर, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तू स्वतः चढून बघ. म्हणाली, "तेच करणार होते. तुमच्यासाठी नाही."

मागच्या शनिवारी आम्ही खाणीत गेलो. ती, तिचा एक सहकारी, आणि दुसऱ्या कॉलेजच्या एक बाई, ज्यांनी मला याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या मुद्दाम बोलावल्या होत्या. डोंगराच्या त्या अंगाला यंत्रं लागली आहेत, बोलायला ओरडावं लागत होतं. मी खाली उभी राहिले. माझ्या हातचा नमुना आता कुठे चालत नाही, म्हणून भिंतीला हात लावला नाही. सुचिता दोर बांधून वर गेली. मी खालून हाताने दाखवत होते. डावीकडे. अजून. पाण्याचा काळा ओघळ आहे त्याच्या कडेला. ती वरून ओरडली, "नक्की? की अंदाजे?" मी म्हणाले, एवढ्या भिंतीत मला तेवढंच एक नक्की माहीत आहे.

तळहाताएवढा एक ठिपका शिल्लक आहे. पाणी कमी झालंय, कडेने काळा पडलाय. त्या बाईंनी पाकीट केलं, लेबल त्यांनीच लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. माझी घेतली नाही. नमुना तपासायला दिल्लीला गेला आहे. उत्तर येईपर्यंत चाळीस फूट भिंतीवर लाल रंगाने रेघ मारून ठेवली आहे. रेघेच्या दोन्ही बाजूंना काम चालू आहे. हादऱ्याने चाळीस फूट राहतील का, हे कोणी सांगत नाही.

कॉलेजात चौकशी बसली आहे. परीक्षेच्या कामातून मला काढलं आहे. पीएचडीचं काय होतं ते नंतर. मुलांना मी स्वतः सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मनस्वी म्हणून एक आहे, तिने विचारलं, "मग मॅडम, आम्ही तुमच्या नोट्स वाचायच्या का?" मी म्हणाले, पुस्तकाशी ताडून वाचा.

नाव तेवढं बदलणार नाही. नियमच आहे, ठिकाण चुकीचं निघालं तरी एकदा दिलेलं नाव राहतं. कोंडशेतकरच राहील ती.

फ्रेम उतरव. आणि काकीला खरं सांग. तुझं नको सांगूस, माझं सांग. तू मला झाकलंस ते पुरे झालं.

संघा


कोंडशेत
२७ ऑक्टोबर

संघप्रिया,

फ्रेम अजून तिथेच आहे. ती उतरवायला विहार समितीची बैठक घ्यावी लागेल, आणि समितीत सात जण आहेत, म्हणजे बैठकीला आठ मतं. होईल.

आईला सांगितलं. परवा, संध्याकाळी. ती तांदूळ निवडत होती. पत्र वाचून दाखवलं नाही, तोंडानेच सांगितलं. माझंही सांगितलं, लपवून काय करू. माथेरानचं तेवढं गाळलं. म्हटलं, संघा त्या दिवशी आलीच नव्हती. परीक्षाही नव्हती. तिकडेच राहिली होती.

आईने सूप खाली ठेवलं नाही. निवडत राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. परत सांगितलं. म्हणाली, "आयकलं."

काल सकाळी चहा देताना म्हणाली, "मंग त्या दिशी ती जेवली कुठं?"

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाली, "तिची आय हितं आलेली. घरात कुनी नव्हतं. बावीस वर्षांची पोर, तिला सैपाक तरी येत व्हता का? मी हितं ऐंशी मानसं जेवू घातली आनि ही एकटी घरात. तिला कुनी दिलं?"

मी सायकल काढून पोस्टात आलो. संध्याकाळी परत विचारलं. आज सकाळीही विचारलं.

उत्तर मला माहीत आहे. ते मी देणार नाही. आणि तू पोस्टाने पाठवू नकोस. दिवाळी झाली.

अंकुशदादा